जनावराचा श्वास : नाकपुडीपासून फुप्फुसापर्यंत



मागच्या पाठात आपण शेळीच्या चार कप्प्यांच्या पोटाची ओळख करून घेतली. या वेळी श्वासाचा पाठ आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वर डोंगरात भिंगारा, चाळीस टापरी यांसारख्या वस्त्या आहेत. भिलाला, पावरा, कोरकू, निहाल कुटुंबे तिथे राहतात. कोरडवाहू जमिनीचा तुकडा, एक बैलजोडी, चार-सहा शेळ्या आणि अंगणात आठ-दहा कोंबड्या एवढीच बहुतेकांची मालमत्ता. दवाखान्याचा खर्च निघाला किंवा पोरीला आश्रमशाळेत सोडायला जायचे झाले की शेळी बाजारात जाते. ती शेळी पावसाच्या तोंडाला किंवा थंडीत दगावली आणि मी विचारले, "काय झालं होतं?" तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "ढासत होती ताई, मग मेली."

ढासणे आणि मरणे यांच्यामध्ये बहुधा तीन-चार दिवस असतात. त्या दिवसांत जनावराच्या अंगात काय चालते आणि बाहेरून ते कसे ओळखावे, हे पाड्यावरच्या संध्याकाळच्या वर्गात आम्ही घेतो. तोच पाठ येथे लिहून देत आहे. मी पशुवैद्य नाही. पशुधन पर्यवेक्षकांबरोबर फिरून आणि वाचून जे समजले ते मांडते आहे. इंजेक्शन आणि औषधाचे प्रमाण ठरवणे हे डॉक्टरांचे काम, म्हणून ते या पाठात नाही.

धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमात असताना उपदेशकाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाने मला थबकायला लावले होते. तिथे माणसाला आणि पशूला एकच श्वास आहे असे म्हटले आहे, आणि त्यासाठी आलेल्या 'रूआह' या इब्री शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ होतात. शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिले तरी उपदेशकाचे म्हणणे फारसे खोटे नाही. गाय, शेळी, डुक्कर, कुत्रा आणि आपण यांची श्वासाची यंत्रणा मूळ एकाच घडणीची आहे. कोंबडीची मात्र फार वेगळी, तिच्याकडे पुढे येऊ.

हवा नाकपुडीतून आत शिरते. गाईचे नाकाड निरोगी असताना ओलसर असते आणि ती ते जिभेने सारखे चाटून स्वच्छ ठेवते. नाकाड कोरडे पडणे ही तापाची एक खूण समजतात, पण उन्हातही ते कोरडे होते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. नाकाच्या आत विड्याच्या पानाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली पातळ हाडे असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली ओली त्वचा असते. थंड हवा या सुरळ्यांतून जाताना गरम होते, कोरडी हवा ओली होते आणि धूळ तिथल्या चिकट्याला चिकटते. पुढे श्वासनळीतही असाच चिकटा असतो. त्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात आणि शेतातले पीक वाऱ्याने एका दिशेला झुकावे तसे ते लाटेने हलत राहतात. अडकलेली घाण ते वर घशाकडे ढकलतात आणि जनावर ती गिळून टाकते. रात्रंदिवस चाललेली ही झाडलोट थांबली की रोगजंतूंना खाली उतरायला वाट मोकळी होते.

घोड्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही. गाय-बैल घेऊ शकतात, पण सहसा घेत नाहीत. म्हणून सावलीत उभे असलेले गुरू मान पुढे ताणून, जीभ बाहेर काढून तोंडाने श्वास घेत असेल तर ते अगदी टोकाला पोचले आहे असे समजावे.

आता घशाकडे येऊ. या पाठातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. घशात दोन वाटा एकमेकींना ओलांडतात. नाकातून आलेली हवा खालच्या बाजूच्या श्वासनळीत जाते, आणि तोंडातला घास तिच्यावरून पुढे सरकून वरच्या बाजूच्या अन्ननळीत जातो. श्वासनळीच्या तोंडाशी कुर्च्याची एक पाकळी असते. जनावर गिळते त्या क्षणी श्वासनळीचे तोंड वर उचलले जाऊन या पाकळीखाली झाकले जाते आणि घास निघून गेला की पुन्हा उघडते. ही सारी क्रिया जनावर स्वतः गिळते तेव्हाच होते. त्याची जीभ हाताने बाहेर ओढून धरली तर त्याला नीट गिळता येत नाही, झाकण बसत नाही आणि वरून ओतलेले पातळ औषध उघड्या श्वासनळीत उतरते.

आपल्याकडे औषध पाजायची रीत कशी आहे? एकाने शिंगे धरून मान वर करायची, दुसऱ्याने जीभ ओढायची आणि तिसऱ्याने बांबूचे नळकांडे किंवा काचेची बाटली घशात रिती करायची. तेल, गुळाचे पाणी, पाल्याचा काढा, सगळे असेच. एका पाड्यावर मी हे नको म्हणाले तेव्हा एक आजी रागावून म्हणाली, "जीभ ओढल्याबिगर औषध पोटात जाईन तरी कसं?" तिचा प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही तिथेच करून पाहिले. शेळीची मान सरळ ठेवली, नाक डोळ्यांपेक्षा वर जाऊ दिले नाही. तोंडाच्या कोपऱ्यात, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून थोडे थोडे पाणी सोडले. शेळी जीभ हलवून घोट घेऊ लागली. प्रत्येक घोट खाली उतरताना गळ्यावर दिसतो, तो दिसल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. ठसका लागला की मान लगेच खाली सोडायची. जे जनावर आडवे पडले आहे, गुंगीत आहे किंवा आधीच धापा टाकत आहे, त्याला पातळ काहीही पाजायचे नाही.

श्वासनळीत गेलेले औषध तिथल्या तिथे जीव घेतेच असे नाही, आणि म्हणूनच मरणाचा संबंध पाजण्याशी जोडला जात नाही. त्या वेळी ठसका लागतो आणि थांबतो. एक-दोन दिवसांनी ताप चढतो, श्वास वाढतो, खाणे सुटते, पुढे श्वासाला कुजका वास येतो. तेल तर फुप्फुसातून बाहेरही पडत नाही. घरचे म्हणतात, औषध दिले तरी वाचली नाही.

२०२२ सालच्या साथीत लम्पी चर्मरोग राज्यात प्रथम दिसला तो ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी. तिथून तो आपल्याकडे यायला वेळ लागला नाही आणि सर्वांत जास्त फटका बसलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव आले. सप्टेंबरात गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. अंगावरच्या गाठी सर्वांनी पाहिल्या. पण तशाच गाठी नाकात, घशात आणि श्वासनळीतही होतात, हे फार थोड्यांना माहीत होते. अशा गुराचा श्वास घरघरतो, त्याला घास गिळता येत नाही. आणि खात नाही म्हणून लोक त्याला जीभ ओढून पेज पाजत होते! त्या महिन्यांत दगावलेल्या गुरांपैकी किती लम्पीने गेली आणि किती पाजण्याने, हे कोण सांगणार? विड्याची पाने, मिरे, मीठ आणि गूळ वाटून केलेले चाटण तेव्हा पुष्कळ ठिकाणी सांगितले गेले. त्याचा गुण किती यात मी पडत नाही. पण चाटण जिभेवर लावले की जनावर ते आपणहून गिळते, बाटलीची गरज राहत नाही, एवढी गोष्ट त्यात नक्कीच चांगली होती.

घशाखाली श्वासनळी सुरू होते. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोटांनी चाचपले तर तिच्या कुर्च्याच्या कड्या एकाखाली एक हाताला लागतात. या कड्यांमुळे नळी कधी चेपत नाही. छातीत गेल्यावर तिला डावा आणि उजवा असे दोन फाटे फुटतात. पण गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांच्यात त्याही आधी एक जादा फाटा निघतो आणि तो उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागात जातो. माणसाला हा फाटा नसतो. चुकून उतरलेले औषध, धूळ, रोगजंतू यांना हे पहिले वळण सापडते. पुढचे भाग खालच्या बाजूला असल्याने जे पडले ते तिथेच साचते. म्हणून फुप्फुसदाह बहुधा पुढच्या, खालच्या बाजूने सुरू होतो आणि मागे पसरतो. पुढच्या पायाच्या कोपराजवळ छातीला कान लावून डॉक्टर तिथे का ऐकतात, ते आता लक्षात येईल.

फुप्फुसाचा धडा आम्ही चित्रावर घेत नाही. लग्नकार्यात किंवा सणाला बोकड कापतात तेव्हा त्याचे फोपसे मागून घेतो आणि मुलांना भोवती बसवतो. निरोगी फुप्फुस फिकट गुलाबी, हलके, दाबले तर स्पंजासारखे. त्याचा तुकडा पाण्याच्या भांड्यात टाकला तर तरंगतो, कारण त्यात हवेच्या लाखो बारीक पिशव्या आहेत. प्रत्येक पिशवीच्या भिंतीवर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवेतला प्राणवायू तिथून रक्तात जातो आणि रक्तातला कर्बवायू बाहेर पडतो. साऱ्या श्वसनाचे खरे काम एवढेच, बाकी सगळा प्रवास. आजारी भाग मात्र गडद लाल आणि कलिजासारखा घट्ट असतो. त्याचा तुकडा पाण्यात बुडतो, कारण पिशव्यांत हवेच्या जागी पाणी आणि पू भरलेला असतो. एकदा एका बोकडाच्या श्वासनळ्या कापल्यावर फेसात पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत वळवळताना निघाले, तेव्हा पोरे ओरडली. फुप्फुसाचेही जंत असतात, आणि जंताचे औषध नुसत्या पोटासाठी नसते, हे त्यानंतर कुणाला वेगळे सांगावे लागले नाही.

गाईबैलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांच्या देहाच्या मानाने फुप्फुसे लहान असतात. घोड्याला पळण्यासाठी मोठी फुप्फुसे मिळाली आहेत, गाईची बरीच जागा पोटाने घेतली आहे. त्यामुळे फुप्फुसाचा थोडा भाग निकामी झाला तरी गाईला लवकर धाप लागते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तो मागे सरकतो आणि बरगड्या बाहेर फाकतात, तेव्हा लोहाराच्या भात्यासारखी छाती हवा ओढून घेते. या पडद्याला लागूनच डाव्या बाजूला गाईचे मोठे पोट असते. पोटात सतत वायू तयार होतो आणि गाय तो ढेकरेने बाहेर टाकते. या ढेकरेचा बराच वायू लगेच बाहेर न जाता आधी श्वासनळीत ओढला जातो, म्हणून गाईने कांद्याची पात खाल्ली की थोड्याच वेळात तो वास फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून दुधात उतरतो. पावसाळ्यात कोवळा, ओला चारा किंवा खळ्यावरचे धान्य भरपूर खाऊन ढेकर अडली, तर डावी भकाळी ढोलासारखी फुगते. पोटफुगीने गुरू मरते ते मुख्यतः गुदमरून. फुगलेले पोट श्वासपटलाला पुढे दाबते आणि भात्याला हलायला जागा राहत नाही. अशा वेळी गुराला पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे. त्याने पडद्यावरचा दाब थोडा कमी होतो आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळतो. आडवे पडू देऊ नये.

आता श्वास मोजणे. याला घड्याळ किंवा मोबाइल पुरे. जनावर सावलीत शांत उभे किंवा बसलेले असावे. मागून जरा बाजूला उभे राहून भकाळीकडे पाहावे. भकाळी एकदा वर आली आणि खाली गेली की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजावे. मोठी गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचा विसाव्याचा श्वास साधारण १५ ते ३० असतो, घोड्याचा ८ ते १६. वासरे आणि करडे यांचा मोठ्यांहून जास्त असतो. वैशाखातल्या दुपारी शेळ्या आणि म्हशी भराभर श्वास घेऊन अंग थंड करतात. आपल्या खोऱ्यातल्या पूर्णाथडी म्हशीलाही घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमीच. म्हणून दुपारचा आकडा धरू नये, पहाटेचा धरावा. पहाटे, गारव्यात, सोडायच्या आधी शेळीचा श्वास ४०-५० च्या वर असेल, तर ती ढासू लागण्याची वाट पाहू नये.

आकड्याबरोबर ढबही पाहावी. श्वास सोडताना पोटाला झटका बसतो का, नाकपुड्या फेंदारतात का, कोपरे छातीपासून दूर ठेवून जनावर उभे आहे का, नाकातून पाण्यासारखे येते की घट्ट पिवळे. पाड्यावरच्या बायांना हे पटकन जमते. रोज त्याच जनावरांत वावरल्याने त्यांची नजर आमच्यापेक्षा तयार आहे, त्या नजरेला फक्त आकड्याची जोड द्यायची असते.

रात्री शेळ्या कुठे असतात, हेही पाहायला हवे. बिबट्याच्या भीतीने त्या घरातच, माणसांशेजारी कोंडतात. कुडाला चारी बाजूंनी लिंपण, दार बंद, एका कोपऱ्यात चूल. मुतारीच्या ओलीतून उग्र वायू सुटतो आणि मघाशी सांगितलेली ती झाडलोट करणारी केसांची त्वचाच तो जाळतो. उभ्या माणसाला त्याचा त्रास फारसा कळत नाही. करडू जिथे झोपते त्या उंचीवर पहाटे खाली बसून नाक न्यावे. डोळे चुरचुरले तर करडू रात्रभर तेच हुंगत होते असे समजावे. यावर फार खर्चाचा उपाय नाही. कुडाचा वरचा हातभर भाग छपराखाली लिंपायचा सोडून द्यावा, म्हणजे कोंदट गरम हवा तिथून निघून जाते आणि बिबट्या आत येत नाही. जमिनीवर राख किंवा कोरडी माती टाकावी आणि ओली झाली की बदलावी. डासमाश्यांसाठी पाल्याचा धूर करायचा तो अंगणात करावा, बंद गोठ्यात करू नये.

करडू किंवा वासरू जन्मते त्या वेळी नाकातोंडातला चिकटा बोटांनी आणि फडक्याने काढावा. श्वास सुरू होत नसेल तर गवताची काडी नाकपुडीत हळूच फिरवावी. शिंक आली की छातीचा भाता सुरू होतो.

कोंबडीला श्वासपटल नसते. तिची फुप्फुसे बरगड्यांना चिकटलेली असतात आणि फुगत नाहीत. त्यांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या अंगभर, काही पोकळ हाडांतही पसरलेल्या असतात. या पिशव्या भात्याचे काम करतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. छातीचे हाड खालीवर हलले तरच हे चालते. म्हणून मुलांनी कोंबडीला छातीशी घट्ट आवळून धरले की ती नाक-तोंड मोकळे असूनही गुदमरते. हवा अशी अंगभर फिरत असल्याने रोगही झपाट्याने पसरतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की कोंबडी चोच उघडून मान ताणते, हिरवी हगते आणि एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. तिच्यावर औषध नाही. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब टाकणे हाच इलाज.

शेळ्यांमध्ये ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, हगवण आणि ढास एकत्र दिसले तर पीपीआरची शंका घ्यावी. त्याची एकदा टोचलेली लस साधारण तीन वर्षे पुरते.

गाईम्हशींत घटसर्प. मुलांच्या घशाच्या एका जुन्या रोगालाही मराठीत हेच नाव आहे. दोन्हींचे जंतू निराळे, पण दोन्ही घसाच बंद करतात. जनावराच्या घटसर्पाचे जंतू निरोगी गुराच्या घशातही असू शकतात. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेले, पहिल्या पावसात भिजलेले, नांगराला जुंपलेले गुरू थकले की ते उसळतात. म्हशींना जास्त होतो. सकाळी ताप, गळ्याखाली गरम सूज, घोरल्यासारखा घरघर आवाज, आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडत नाही. लस मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, दरवर्षी टोचून घ्यावी लागते. पावसात वरच्या वस्त्यांपर्यंत गाडी जाईलच असे नाही, म्हणून उन्हाळ्यात वाट कोरडी असतानाच गुरे एका ठिकाणी आणून लसीचा दिवस ठरवण्याचा आमचा आग्रह असतो. त्या दिवशी माणसे जमवायला, बर्फाचा डबा पोचवायला हात लागतात. आपल्या मंडळीतील तरुणांना यायचे असेल तर मार्चअखेर कळवावे.

आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फोन लावताना नुसते "शेळी आजारी आहे" असे सांगू नये. जनावर कोणते आणि किती वयाचे, पहाटे मोजलेला श्वास किती, ताप वाटतो का, नाकातून काय येते, गळ्याखाली सूज आहे का, काही पाजले असल्यास काय आणि केव्हा पाजले, आणि शेजारच्या घरात आणखी किती जनावरे ढासतात, एवढे कागदावर लिहून मग फोन लावावा.